रस्सी तीच, फक्त एका बाजूने ओढा!



परवा एका वाचक मैत्रिणीचा मेल आला. पुण्यातल्या एका कंपनीत टीम लीड आहे. लिहिते, 'आमच्याकडे सेल्स आणि ऑपरेशन्स या दोघांमधून विस्तव जात नाही. एचआरने टीम लंच केलं, फन फ्रायडे केला, बोलिंगला नेलं. रिझल्ट? बोलिंगच्या स्कोअरवरून नवीन भांडण! मी सँडविच झालेय. काय करू? सरळ जॉब बदलू का?'

मेल वाचून आधी हसू आलं आणि मग जरा कसनुसं झालं. कारण २००८ साली मी अगदी अशाच एका भांडणात होते. फरक एवढाच, की मी भांडण सोडवणारी नव्हते. मी भांडणाऱ्यांतली होते. तीही चांगली पुढच्या रांगेतली.

निळे विरुद्ध लाल

हिंजवडीतल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी तेव्हा डेव्हलपमेंटला होते. नुकतीच टीम लीड झालेली. नव्या व्हिजिटिंग कार्डाचा वाससुद्धा गेला नव्हता. आमच्या क्युबिकल्सना लागून काचेचं पार्टिशन आणि त्याच्या पलीकडे सपोर्टची टीम. ग्राहकाचा फोन आला की तो त्यांनी उचलायचा, त्यांच्याकडून सुटलं नाही तर तिकीट आमच्याकडे. कागदावर किती सोप्पं ना?

प्रत्यक्षात मात्र आमच्या लेखी सपोर्टवाले म्हणजे 'पोस्टमन'. ग्राहक ओरडला की तो ओरडा जसाच्या तसा फॉरवर्ड करणारे. आणि त्यांच्या लेखी आम्ही 'राजेसाहेब'. पसारा आम्ही करायचा आणि रात्रपाळीला बसून तो त्यांनी आवरायचा. हळूहळू भांडण कामाचं राहिलंच नाही. एसी कितीवर ठेवायचा, मायक्रोवेव्हमध्ये आधी कोणाचा डबा, मीटिंग रूम कोणी अडवून ठेवली, काहीही पुरायचं. कॅन्टीनमधली टेबलंसुद्धा ठरलेली. त्यात आम्ही बहुतेक पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतले आणि त्यांच्याकडे नांदेड, लातूर, सोलापूरहून आलेली मुलं जास्त. आमच्यातले काही महाभाग त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचे. मी नक्कल करत नव्हते, पण हसायचे. आज आठवलं की लाज वाटते.

मग एचआरने तो सुप्रसिद्ध रामबाण उपाय काढला. आउटिंग! मुळशीजवळचं रिसॉर्ट, सगळ्यांना टी-शर्ट. आम्हाला निळे, त्यांना लाल. (इथेच माशी शिंकली, पण ते नंतर कळलं.) दुपारी रस्सीखेच ठेवली होती. आम्ही धडाधड आपटलो आणि लाल टीम आमच्या नाकासमोर दहा मिनिटं नाचली. परतीच्या बसमध्ये पुढे निळे, मागे लाल आणि एकाच बसमध्ये दोन वेगवेगळ्या अंताक्षऱ्या. सोमवारी ऑफिसातलं वातावरण शुक्रवारपेक्षा जास्त तापलेलं.

ही रस्सी लक्षात ठेवा. आपल्याला ती पुन्हा लागणार आहे.

बावीस मुलं आणि बंद पडलेला नळ

खूप नंतर एका ट्रेनिंगमध्ये मला एका प्रयोगाची गोष्ट कळली आणि वाटलं, अरेच्चा, ही तर आमच्याच ऑफिसची! साल १९५४. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात रॉबर्स केव्ह नावाचं एक पार्क आहे. तिथे मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्कस्तानातल्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साधारण अकरा वर्षांच्या बावीस मुलांचं समर कॅम्प भरवलं. मुलं सगळी एकाच प्रकारच्या घरांतली, आधी एकमेकांना न ओळखणारी. त्यांचे दोन गट केले आणि पहिले काही दिवस दुसरा गट आहे हेच त्यांना कळू दिलं नाही. एका गटाने स्वतःचं नाव ठेवलं ईगल्स, दुसऱ्याने रॅटलर्स.

मग दोघांची गाठ घालून दिली, तीही स्पर्धेत. बेसबॉल, रस्सीखेच, तंबू ठोकणं. जिंकणाऱ्या गटाला ट्रॉफी, मेडल्स आणि प्रत्येकाला खिशातला छान चाकू. हरणाऱ्याला काहीच नाही. झालं! शिवीगाळ सुरू झाली, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या, ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. आठवडाभरापूर्वी एकमेकांना ओळखतही नसलेली मुलं ही!

आता खरी गंमत. शेरीफच्या टीमने या मुलांना आधी नुसतं एकत्र आणून पाहिलं. एकत्र जेवण, एकत्र सिनेमा. म्हणजे त्या काळचं टीम लंचच की! मुलांनी काय केलं? एकमेकांवर अन्न फेकलं.

मग त्यांनी वेगळीच युक्ती काढली. कॅम्पला पाणी पुरवणारी व्यवस्था गुपचूप बंद पाडली. उन्हाचे दिवस, बाटल्या रिकाम्या. दोन्ही गट बिघाड शोधायला निघाले आणि टाकीपाशी सगळ्यांनी मिळून खटपट केली. पाणी आलं. पण संध्याकाळच्या जेवणाला पुन्हा तीच तू-तू मैं-मैं! म्हणून मग अशी आणखी कामं एकामागून एक समोर आणली. सिनेमा मागवायचा तर एका गटाचे पैसे पुरणार नाहीत, दोघांनी मिळून भरायचे. जेवण आणायला जाणारा ट्रक चालूच होईना. मुलांनी काय केलं असेल? ज्या रस्सीने एकमेकांना ओढलं होतं, तीच रस्सी ट्रकला बांधली आणि सगळ्यांनी मिळून एका बाजूने ओढली.

शेवटी घरी जाताना मुलांनी एकाच बसमधून जायचा हट्ट धरला. वाटेत बस थांबली तेव्हा रॅटलर्सनी आपल्या बक्षिसाचे पाच डॉलर्स सगळ्यांना माल्टेड मिल्क पाजण्यात उडवले. ईगल्ससकट!

आज कुठलीही एथिक्स कमिटी या प्रयोगाला परवानगी देणार नाही. मुलांना न सांगता त्यांना भांडायला लावणं हे चूकच होतं. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात शेरीफने असाच कॅम्प घेतला होता आणि तो चक्क फसला. तिथली मुलं गट पडायच्या आधीच मित्र झाली होती. आपल्यात कोणीतरी मुद्दाम काड्या करतंय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ती भांडेनातच. प्रयोग गुंडाळावा लागला. मला हा फसलेला प्रयोग जास्त आवडतो. कारण तो सांगतो, की भांडण माणसांच्या स्वभावातच असतं असं नाही. बऱ्याचदा ते कोणीतरी मांडून ठेवलेलं असतं. टी-शर्टांच्या रंगासारखं, बक्षिसाच्या चाकूसारखं.

वही आणि पिशव्या

आता पुन्हा हिंजवडी. आम्ही तेव्हा रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. दात्यांची नोंद, रक्ताच्या पिशव्यांचा साठा, कुठली पिशवी कधी एक्स्पायर होणार, वगैरे. पुण्याहून तीन-साडेतीन तासांवरच्या एका शहरातल्या रक्तपेढीकडून तक्रार आली, 'साठ्याची स्क्रीन सकाळी अडकते, यादी अर्धवट दिसते.' सपोर्टने तिकीट टाकलं. आम्ही आमच्या मशीनवर पाहिलं, सगळं मस्त चालत होतं. 'इथे असं होत नाही' असं लिहून मी तिकीट बंद केलं. त्यांनी पुन्हा उघडलं. मी पुन्हा बंद केलं. तीन आठवडे हा टेबल टेनिसचा सामना चालला होता. मला तर त्यात मजा यायला लागली होती. होय, मजा!

एके संध्याकाळी आमच्या डिलिव्हरी हेड मॅडमनी मला आणि सपोर्टच्या लीडला केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, आता लेक्चर. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या पहाटे पाचला गाडी निघेल. तुम्ही दोघंच. तिथे जाऊन बसा आणि काय दिसतं ते बघून या."

खंबाटकी घाटापर्यंत गाडीत एक शब्द नाही. चहाला थांबलो तेव्हा त्याने विचारलं, "साखर कमी लागते ना तुम्हाला?" मी म्हटलं, "हो." दोन वर्षं काचेच्या दोन बाजूंना बसून आमचं कामाशिवाय झालेलं हे पहिलं बोलणं.

रक्तपेढीत पोचलो. तिथल्या टेक्निशियन ताई आमच्या आईच्या वयाच्या. त्यांनी आधी सगळं फिरवून दाखवलं. लाल पेशींच्या पिशव्या फ्रीजमध्ये, दोन ते सहा डिग्रीला. त्या टिकतात पस्तीस ते बेचाळीस दिवस, पिशवीत कुठलं द्रावण आहे त्यावर. आणि बाजूला एका मशीनवर फिकट पिवळ्या पिशव्या संथपणे हलत होत्या. प्लेटलेट्स. त्या फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत, साधारण बावीस डिग्रीला सतत हलत्या ठेवायच्या. आयुष्य किती? पाच दिवस. फक्त पाच.

पावणेनऊ झाले आणि आमची स्क्रीन अडकली. आमच्या डोळ्यांसमोर! ताईंनी कपाळावर आठीही न आणता टेबलाखालून एक जाड वही काढली. "तुमचं असं झालं की मी हिच्यात बघते. पण वही एक आणि काउंटर दोन. मग वेळ जातो." खिडकीशी माझ्याच वयाचा एक मुलगा चिठ्ठी घेऊन उभा होता. वडिलांना डेंगी. दर दोन मिनिटांनी विचारत होता, "ताई, आहे ना हो पिशवी?" पिशवी होती. पण आमच्या यादीत दिसत नव्हती. ती शोधून त्याच्या हातात पडायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझी नजर त्या मुलाच्या चपलांवरून हलत नव्हती.

तो गेल्यावर ताई सहज बोलल्यासारखं बोलल्या, "काल दोन प्लेटलेट्सच्या पिशव्या टाकून दिल्या. यादीत आल्याच नाहीत, तारीख उलटून गेली. कोणीतरी सुई टोचून घेतली होती ना त्यासाठी."

मी तीन आठवडे जे 'बंद' करत होते, ते हे होतं.

सपोर्टच्या लीडने बॅगेतून डायरी काढली. त्याने या रक्तपेढीच्या प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवली होती. सगळे फोन पावणेनऊ ते साडेदहामधले. हीच यादी त्याने तिकिटालाही जोडली होती. मी ती उघडूनही पाहिली नव्हती. पोस्टमनने आणलेलं पत्र कोण वाचतं? वेळा बघताच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. सकाळच्या मीटिंगसाठी कोणीतरी महिन्याचा मोठा रिपोर्ट पावणेनऊला लावून ठेवला होता. तो तयार होईपर्यंत साठ्याची नोंद अडवून ठेवायचा. आमच्या मशीनवर हा रिपोर्ट कोणी चालवतच नव्हतं, मग 'इथे असं होत नाही' हे बरोबरच होतं की! त्याला वेळ माहीत होती, मला कोड माहीत होतं. एकट्याला ते कोडं जन्मात सुटलं नसतं.

रिपोर्ट आम्ही त्याच दिवशी मध्यरात्रीवर ढकलला. पुण्याला फोन लावला तर मॅडमनी दोन्ही टीम्स एकाच मीटिंग रूममध्ये, एकाच स्पीकरफोनभोवती बसवल्या होत्या. बिघाड मुळापासून दुरुस्त व्हायला आणखी अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आमचा एक डेव्हलपर आणि त्यांचा एक सपोर्ट इंजिनिअर शेजारी शेजारी बसून रोज ताईंच्या वहीशी स्क्रीन ताडून पाहायचे. फोनवर आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ताई माझ्याशी 'हो मॅडम, नाही मॅडम' करायच्या. नांदेडच्या त्या मुलाशी मात्र मोकळेपणाने बोलायच्या, खरी अडचण सांगायच्या. ज्या बोलीला आम्ही हसत होतो, तिच्यामुळेच आम्हाला निम्मे बग सापडले.

मग सगळे गुण्यागोविंदाने नांदू लागले?

छे हो! एसीचं भांडण चालूच राहिलं. पण तीन गोष्टी बदलल्या आणि त्या आपोआप नाही बदलल्या.

एक म्हणजे मार्कांची पद्धत. तोपर्यंत अप्रेझलला आम्हाला किती तिकिटं बंद केली याचे मार्क होते आणि सपोर्टला किती वेळात पुढे ढकलली याचे. म्हणजे समोरच्याच्या गळ्यात काम मारलं की दोघांनाही बक्षीस! हेच ते चाकू. मॅडमनी दोन्ही टीम्सना मिळून एकच आकडा दिला: आपल्या चुकीमुळे किती पिशव्या वाया गेल्या. तो काचेच्या पार्टिशनवरच लिहायचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी दिसेल. (आमच्या बाजूने उलटा दिसायचा, त्यावरूनही एकदा वाजलं.)

दुसरी म्हणजे रात्रपाळी. सपोर्टची ती तक्रार गैरसमज नव्हती, खरी होती. म्हणून प्रत्येक डेव्हलपरने महिन्यातून एक रात्र त्यांच्याबरोबर बसायचं ठरलं. पहिल्या रात्री पहाटे तीनला मला जे कळलं, ते दोन वर्षांच्या मीटिंगांत कळलं नव्हतं.

तिसरी म्हणजे नक्कल बंद झाली. कोणी नोटीस काढली नाही. ज्याच्या डायरीने आपली अब्रू वाचवली त्याच्या बोलण्याला हसणं मग जमेनाच.

तर मैत्रिणी, तुझ्यासाठी

सेल्स आणि ऑपरेशन्सला पुन्हा पिझ्झा खाऊ घालायच्या आधी एवढं करून बघ. बाकीच्यांनीही बघायला हरकत नाही.

आधी बक्षीस तपासा. एकाचं इन्सेंटिव्ह दुसऱ्याला खड्ड्यात घालून मिळतंय का? सेल्सला वाटेल ते वचन द्यायचे पैसे आणि ऑपरेशन्सला खर्च वाचवायचे पैसे, असं असेल तर ती माणसं वाईट नाहीत. स्पर्धाच तशी लावलीय. तुमच्या हातात नसेल तर हे बॉसला लेखी दाखवा.

दोघांशिवाय होणार नाही असं एक खरं काम शोधा. खोटं नको, शेरीफसारखा नळ बंद पाडायची गरज नाही. प्रत्येक ऑफिसात एखादं तरी तिकीट टेबल टेनिस खेळत असतंच.

ज्याच्यासाठी काम चाललंय तो माणूस दाखवा. रिसेप्शनमधल्या फ्रेममधलं मिशन स्टेटमेंट नव्हे, जिवंत माणूस. आता निम्मी टीम घरून काम करते, कित्येकांनी एकमेकांना स्क्रीनवरच्या चौकोनाबाहेर पाहिलेलंही नसतं. गाडी काढणं शक्य नसेल तर ग्राहकाचा एक फोन दोन्ही टीम्सच्या एकेका माणसाने मिळून ऐका. मधे न बोलता.

आणि एकदा करून थांबू नका. पाणी आलं त्याच संध्याकाळी मुलं पुन्हा भांडली होती, आठवतंय ना?

एक धोक्याची सूचना मात्र देते. 'आपण सगळे एक फॅमिली' म्हणत कोणी तुमचा प्रत्येक शनिवार-रविवार मागायला लागलं, तर ते समान ध्येय नव्हे. तो फुकटचा ओव्हरटाइम. ध्येय खरं असेल तर त्याचं ओझंही दोन्ही बाजूंनी सारखं उचललं जातं. रात्रपाळी एकट्या सपोर्टचीच राहिली असती, तर काचेवरच्या त्या आकड्याला कोणी भीक घातली नसती.

जॉब बदलायचा का? बदल ना, हवा तर. पण पुढच्या ऑफिसातही एक काच असेल आणि तिच्या पलीकडे कोणीतरी असेलच. त्याच्या डायरीत काय लिहिलंय ते एकदा वाच, मग ठरव.

पुढच्या वर्षी आमचं आउटिंग पुन्हा त्याच रिसॉर्टवर झालं. टी-शर्ट सगळ्यांना पांढरे. रस्सीखेचीला टीम्स चिठ्ठ्या टाकून पाडल्या. मी आणि सपोर्टचा लीड एकाच बाजूला आलो आणि पुन्हा आपटलो. पण या वेळी माझ्या बाजूला चिखलात बसलेला माणूस हसत म्हणाला, "मॅडम, तिकीट रीओपन करायचं का?"

तुमच्या ऑफिसातली काच कुठे आहे, ते मला नक्की कळवा. एसीबद्दल मात्र विचारू नका. त्यावर अजून तरी कुठलंही समान ध्येय सापडलेलं नाही!